विलायती गाडी बघायला सोलापूरला

सोलापूरला मी गेले ते ‘नाही’ म्हणायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून तलावावरच्या सूर्यास्ताची अपेक्षा करणार नाही.

बाबांना एक गाडी घ्यायची होती. लाल रंगाची, कापडी टपाची, दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार. जुनी. सोलापुरातल्या कुणा राजय्या नावाच्या कारखानदाराने तिची जाहिरात टाकली होती. बाबा वाहन विम्याचे सर्व्हेअर होते. ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे तपासण्यात त्यांचा जन्म गेला. आणि मी पादचाऱ्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका लहानशा गटात काम करते. पत्रकं लिहिते, चौकात उभी राहून वाटते. ‘रस्ता कुणाच्या बापाचा?’ हे आमचं सगळ्यात गाजलेलं पत्रक माझंच. आता खुद्द माझ्याच बापाला स्पोर्ट्स कार हवी म्हटल्यावर मी गटात काय तोंड दाखवायचं?

पण आई जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात बाबांनी माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, रविवारी त्यांच्याकडे जाते. आम्ही जेवतो, टीव्ही बघतो, मी निघते. एवढंच. अशा माणसाने पहिल्यांदा काही मागितलं ते हे! त्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. “कागदपत्रं मी मागवून बघितली, ती चोख आहेत,” ते म्हणाले. “गाडी तेवढी तू बघून ये. तू नको म्हणालीस तर विषय संपला.”

मी मनात म्हटलं, संपलाच.

पुण्याहून सकाळची गाडी पकडली. पिशवीत टॉर्च, रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक आणि पाण्याची बाटली. शेजारची सीट रिकामी होती, ती सोलापूरपर्यंत रिकामीच राहिली. भीमा ओलांडली, कुर्डुवाडी गेली, माढ्याकडचा ऊस खिडकीतून बराच वेळ सोबत होता. मग तोही संपला आणि तपकिरी रान सुरू झालं. कुठे जातेय हे मी गटात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे प्रवासात कुणाचा फोनही येणार नव्हता. आपण एरवी किती माणसांत असतो आणि त्यातल्या एकालाही खरं कारण सांगू शकत नाही, हे त्या सीटवर बसून लख्ख कळलं. ते काही सुखाचं नव्हतं.

सोलापूर स्टेशनबाहेर ऊन अंगावर आलं. रिक्षावाल्याने विचारलं, “कुटं जायचं ताई?”

“पूर्व भागात.” (शहराचा हा विणकरांचा भाग. तेलुगू बोलणारी कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या माग चालवतात.)

“एकल्याच?”

“का? दोघांनीच बसायचा नियम आहे का?”

“तसं न्हाय ओ. चादरी घ्यायला बाया घोळक्यानं येत्यात. एकलं कोन येत न्हाय, म्हनून इचारलं.” थोडं पुढे गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, “लई तापट दिसताय तुमी.”

वाटेत फुटपाथ शोधत होते. सवयच आहे ती. होता, पण त्यावर मोटारसायकली, एक टायरचं दुकान आणि बाजेवर झोपलेले आजोबा होते. चालणारी बाई डोक्यावर बोचकं घेऊन भर रस्त्यातून चालली होती. मी फोटो काढला. गटात पाठवायला गेले आणि थांबले. तू सोलापुरात काय करतेयस, असं विचारलं असतं. फोटो फोनमध्येच राहिला.

राजय्यांचा कारखाना पत्ता न विचारता सापडला असता, पण तिथल्या प्रत्येक घरातून मागांचा तोच खडखडाट येत होता. शेवटी एका उंच, पांढऱ्या लुंगीतल्या म्हाताऱ्या माणसाने हात केला. कानांवर केस, केसांवर कापसाचे तंतू.

“गाडी बघायला ना? साहेब मागून येतायत?”

“साहेब नाहीत. मीच आहे.”

“अय्यो.” त्यांनी माझ्यामागे रस्त्यावर पुन्हा एकदा बघितलं. “बरं बरं. ये अम्मा, आत ये.”

आत टॉवेलचे माग चालू होते. आवाज असा की बोलणाऱ्याचं फक्त तोंड हलताना दिसावं. हवेत कापूस तरंगत होता. भिंतींवर, वायरींवर, देवाच्या फोटोवर त्याची पांढरी लव चढलेली. टोकाचे चार-सहा माग बंद होते आणि त्यांच्या फटीफटींतून जुने टॉवेल कोंबलेले होते. मी बोट दाखवलं तसे राजय्या माझ्या कानाशी ओरडले, “बंद यंत्राचं तोंड उघडं ठेवायचं नसतं! कापूस आत जातो, उंदीर जातो! माझ्या वडिलांपासूनची पद्धत!”

बंद मागांच्या पलीकडे, भिंतीआड, जिथे बोलणं ऐकू येत होतं, मोर काढलेल्या चादरीखाली गाडी होती.

चादर त्यांनी एका बाजूने हळूहळू गुंडाळत नेली. गाडी माझ्या कमरेएवढी. लांब नाक, गोल दिवे, पुढे उघड्या तोंडासारखी जाळी. खेळण्यातली वाटली. खरं सांगायचं तर सुंदर होती, आणि त्याचा मला राग आला.

“मुलगा लंडनला होता,” राजय्या म्हणाले. “कायमचा परत आलो म्हणाला, सामानाबरोबर ही आणली. दोन वर्षं राहिला. मग पुन्हा गेला. ही राहिली.”

“तुम्ही चालवत नाही?”

“चालवतो की. बसायला जमतं. उतरायला दोन कामगार लागतात.”

मी बाबांना फोन लावला आणि कामाला लागले. बाबांचा आवाज कानात, आणि तो आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. म्हणजे बाबांचाच, पण कामावरचा. “बॉनेटचे बोल्ट बघ. त्यांच्यावरचा रंग तडकलाय का? तडकला असेल तर पान्हा लागलाय, म्हणजे गाडी कधीतरी ठोकलेली.” नव्हता तडकला. “दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत? चाकांवरच्या पत्र्याला चुंबक लाव. सुटून पडला तर पत्र्याच्या जागी लांबी (पुट्टी) भरलीय.” चुंबक सगळीकडे घट्ट चिकटला. “आता खाली शिर. तिकडे बर्फावर मीठ टाकतात, त्याने गाड्या खालून सडतात. टॉर्चने बघ, ठोकून बघ.” मी कापसाच्या गालिच्यावर उताणी झाले, ठोकलं, डोळ्यांत कचरा घेतला. थोडा गंज होता, वरवरचा. पत्रा खणखणीत वाजत होता. टायर कडक झाले होते, सीटचं चामडं भेगाळलेलं, टपाची मागची काच पिवळी. बाकी काही नाही.

मी खोट शोधायला आले होते. कुठेतरी एखादी मोठी, सांगता येण्यासारखी खोट. गाडीने मला ती दिली नाही.

“बरी दिसतेय मग,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने वर गेला नाही, पण खालीही राहिला नाही. “चालवून बघ.”

त्याआधी जेवण झालं. राजय्यांच्या पत्नी, लक्ष्मम्मा, कारखान्याच्या मागच्याच खोलीतून आल्या आणि माझा कोपर धरून आत घेऊन गेल्या. कडक भाकरी, शेंगांची चटणी, पुंटी कूर (अंबाडीची भाजी) आणि भातावर चारू (चिंचेचं पातळ सार). मी फोनमध्ये बघत खायला लागले.

“फोन ठेव. जेवताना कोण येतंय तुला बोलवायला?” त्या म्हणाल्या. मग वाढत राहिल्या. “तिनु अम्मा, तिनु. (खा गं, खा.) घरी कोण असतं?”

“एकटी राहते.”

“आणि वडील?”

“तेही एकटे राहतात.”

त्यांनी वाढणं थांबवलं. “एकाच गावात?”

मला उत्तर होतं. नोकरी, गटाचं ऑफिस, अंतर, स्वातंत्र्य. पत्रकात चार मुद्द्यांत मांडता आलं असतं. मी म्हटलं, “हो.” त्यांनी ताटात आणखी भात वाढला.

जेवून गाडी बाहेर काढली. शेजारच्या कारखान्यांतली माणसं दारांत येऊन उभी राहिली. “राजय्याशेठ, आज इमान निघालं का?” असं कुणीतरी ओरडलं. पहिल्यांदा राजय्यांनी चालवली, मी शेजारी. प्रत्येक गतिरोधकावर ते गाडी तिरकी करून एकेक चाक चढवत होते, जसं काही एखाद्या म्हातारीला हात धरून पायरी चढवावी. मला गतिरोधक आवडतात. आमच्या गटाने भांडून तीन बसवून घेतलेत. तिथे मात्र पहिल्यांदाच त्यांच्याकडे गाडीच्या पोटाखालून बघावं लागलं.

अक्कलकोट रस्त्याला लागल्यावर त्यांनी गाडी माझ्या हातात दिली. टप उघडा, ऊन टाळूवर, बसायची जागा इतकी खाली की शेजारून जाणाऱ्या ट्रकचं चाक माझ्या कानाच्या रेषेत. मी काटा चाळीसवर ठेवला. चाळीसच्या वर जायचंच नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे.

“चांगली पळवतेस,” राजय्या ओरडले.

“चाळीसच तर आहे!”

“ते मैल आहेत, अम्मा!”

मी दचकून पाय काढला. दोन्ही बाजूंना रिकामं, दगडाळ रान होतं. आणि हे लिहायला मला अजिबात आवडत नाही, पण ज्या क्षणी ते मैल आहेत हे माहीत नव्हतं, त्या क्षणी मी खूष होते.

तेवढ्यात दुसरा काटा दिसला. उष्णतेचा. तो तांबड्या रेघेकडे चालला होता. गोडसर, गरम वास आला. मी गाडी एका बाभळीजवळ बाजूला घेऊन बंद केली. नाकातून वाफ निघायला लागली.

राजय्या उतरले. कामगार नव्हते, म्हणून मी हात धरून ओढलं. ते गाडीपुढे नुसते उभे राहिले. “आजवर कधी तापली नाही,” ते म्हणाले. “आईशप्पथ नाही.”

“सगळे असंच म्हणतात,” मी म्हटलं. म्हटलं ते म्हटलंच.

बाभळीच्या पलीकडे शेळ्या-मेंढ्या चरत होत्या. त्यांच्यामागून एक बाई आली, डोक्यावर पदर, हातात काठी, खांद्याला पाण्याचा कॅन.

“गाडी बसली व्हय?”

“तापलीय.”

“पानी देऊ का? शेरडांसाटी आनलंय, पन चांगलं हाय.”

“आत्ता नको मावशी. गरम असताना झाकण काढलं तर अंगावर उडतं.”

“मंग तुमी तरी प्या.” तिने कॅन पुढे केला. मग गाडीभोवती एक फेरी मारली. “दोगंच बसत्यात व्हय हिच्यात?”

“दोघंच.”

“मंग लेकरं कुटं बसायची?”

“लेकरं नाही बसत.”

“सासू?”

“सासूही नाही.”

“लई शानी गाडी हाय की!” ती हसत सुटली. राजय्याही हसले. मीसुद्धा.

आणि याच वेळी तिच्या एका करड्या शेळीने गाडीच्या तोंडात तोंड घातलं. जाळीतून काहीतरी पांढरं धरलं आणि ओढायला लागली. एक टोक बाहेर आलं, मग हातभर कापड. राजय्या ओरडले, “अय्यो! माझा टॉवेल!”

शेळी सोडेना. मावशीने काठी दाखवली, राजय्यांनी दुसरं टोक धरलं, आणि टॉवेल फाटून मधोमध दोन झाला. राजय्यांनी आत हात घालून आणखी एक काढला. मग आणखी एक. रेडिएटरसमोर, जिथून गाडीला वारा मिळतो, तिथे त्यांनी गच्च टॉवेल बसवले होते. बंद मागाला बसवतात तसे. कापूस जाऊ नये, उंदीर जाऊ नये म्हणून. कधी बसवले ते आठवत नव्हतं, एवढे दिवस गाडी बंद होती. कधी काढलीच तर ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणत, तेवढ्यात ती कशाला तापेल!

मीही सगळीकडे चुंबक लावला होता, तोंडात बघितलं नव्हतं.

“मला वेडा म्हण,” राजय्या म्हणाले. फाटका टॉवेल हातात धरून ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. “माझ्याच कारखान्याचा आहे गं.”

आता माझ्याकडे आयतं ‘नाही’ आलं होतं. बाबा, इंजिन तापतं. तीन शब्द. खोटंही नाही. बाबांनी मान हलवली असती, विषय संपला असता, रविवारी आम्ही जेवून टीव्ही बघितला असता.

मी बाजूला जाऊन फोन लावला आणि सगळं सांगितलं. काटा, वाफ, शेळी, टॉवेल. मग कामावरचा आवाज आला. “काटा तांबड्याला टेकला होता?” टेकायच्या आत बंद केली. “ऑईलची पट्टी काढ. पुसून पुन्हा घाल. काय रंग आहे? दुधाच्या चहासारखा? म्हणजे आत पाणी शिरलंय.” नाही, मधासारखा. “गार झाल्यावर पाणी भरून चालू कर, मागून पांढरा धूर येतो का बघ.” आम्ही थांबलो. मावशीच्या कॅनमधलं पाणी भरलं. गाडी चालू झाली. धूर नाही. काटा मधोमध येऊन थांबला.

“मग वाचली,” बाबा म्हणाले.

आणि मग मी भडकले. रस्त्यावर, उन्हात, शेळ्यांसमोर. “पण कशाला बाबा? पेट्रोल पिते, रस्त्याला पोट घासते, डिकीत भाजीची पिशवी मावत नाही! आहे ती गाडी काय वाईट आहे? दोन सीटची गाडी हवी कशाला तुम्हाला?”

“आहे त्या गाडीला मागची सीट आहे,” बाबा म्हणाले.

आई पुढे कधी बसली नाही. समोरून येणाऱ्या गाड्यांची तिला भीती वाटायची. ती मागे बसायची, आणि बाबा आरसा असा लावायचे की त्यात मागचा रस्ता कमी आणि आई जास्त दिसावी. मी त्यावरून त्यांना कितीदा झापलंय.

“सवय जात नाही,” बाबा म्हणाले. “दर थोड्या वेळाने मी आरशात बघतो. आरसा वळवून बघितला. सीटवर सामान ठेवून बघितलं. मागची सीटच नसलेली गाडी असेल तर बरं, असं वाटलं. बाकी काही नाही. तुला नको वाटत असेल तर राहू दे.”

मी आवाज खाली आणून ‘घरी येऊन बोलते’ म्हटलं. माझ्या बाबतीत असं फारसं होत नाही.

परत येताना राजय्यांनी चालवली. काटा मध्येच होता. कारखान्यापाशी उतरताना त्यांनी विचारलं, “वडलांना काय सांगितलंस?”

“सगळं.”

“टॉवेलचं पण?”

“टॉवेलचं पण.”

“मग नाही घेणार,” ते म्हणाले. गाडीच्या तोंडाशी त्यांचा हात गेला, थांबला. या वेळी त्यांनी काही कोंबलं नाही. लक्ष्मम्मांनी मला शेंगांची चटणी बांधून दिली. एक नाही, दोन पुड्या, वेगवेगळ्या बांधलेल्या.

परतीच्या गाडीतही शेजारी कुणी नव्हतं. मी पत्रक लिहायला घेतलं, ‘सोलापूरच्या फुटपाथवर कोण चालतं?’ दोन ओळी झाल्या आणि पुढे जाईना. खरं तर माझं एकही मत बदललं नव्हतं. अजूनही नाही. रस्ता आधी चालणाऱ्याचा, मग इतरांचा. वेगवान गाडी ही शहरात उर्मट गोष्ट आहे. हे सगळं मी चौकात उभी राहून आजही सांगेन. पण वर्षभर मी दर रविवारी एका माणसासमोर बसून जेवले, आणि तो गाडी चालवताना आरशात काय बघतो हे मला सोलापूरला जाऊन, शेळीने टॉवेल ओढल्यावर कळलं. चौकात अनोळखी माणसाला थांबवून मी त्याचं म्हणणं विचारते. घरी मी विचारलं नव्हतं. गाडीबाहेर अंधार पडत गेला तसा काचेत माझाच चेहरा दिसायला लागला आणि मी पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांकडे गेले. काळा चष्मा लावून ते खिडकीपाशी बसले होते. गंज, टायर, टप, मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. टायर बदलावे लागतील म्हणाले, टपाची काच बदलावी लागेल, डोळा बरा झाला की आणायला जाऊ म्हणाले. ‘जाऊ’ म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, “शेजारच्या सीटवर बसली होतीस का?”

“हो. जाताना-येताना.”

“टप उघडा असताना शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येतं?”

“नाही. ओरडावं लागतं.”

“मग अडचण नाही,” बाबा म्हणाले. “तू एरवीही ओरडूनच बोलतेस.”